मदत हवी आहे: व्हिपलच्या ऑपरेशननंतर आप्पांचं सलाईन कमी केलंय, पाणीही चमच्यानेच

नमस्कार. आमच्या आप्पांचं (वय ६४, तासगावकडे द्राक्षबाग आहे) सोमवारी स्वादुपिंडाच्या गाठीसाठी व्हिपलचं ऑपरेशन झालं. आज पाचवा दिवस, अजून आयसीयूतच आहेत.

पहिले दोन दिवस सलाईन जोरात चालू होतं. हातपाय सुजले, ५८ किलोचं वजन ६२ भरलं. मग सलाईन ताशी ४० मिलीवर आणलं आणि काल सकाळी लघवी वाढवणारं लॅसिक्सचं इंजेक्शन दिलं. आता जीभ टाळ्याला चिकटतेय. भेटायला गेलं की एकच, "पोरी, घोटभर पाणी दे की." सिस्टर तासाला दोन चमचे देऊ देतात. नाकातल्या नळीतून काल ९०० मिली हिरवं पाणी आलं, ड्रेनमधून (ऑपरेशनच्या जागचा स्राव बाहेर काढायला पोटात ठेवलेली नळी) २५०. लघवी तासाला ३० ते ३५ मिली.

मामा म्हणतात, सलाईन काढलं म्हणजे ताकदच काढली, डॉक्टरांशी भांड. मला भांडायचं नाही. राउंडला डॉक्टर दोन मिनिटं थांबतात, तेवढ्यात नेमकं काय विचारू?

प्रतिसाद १

ताई, मी अकरा वर्षं सर्जिकल आयसीयूत सिस्टर आहे. औषधपाणी आप्पांचे डॉक्टरच ठरवतील, पण चार्ट कसा बघायचा ते सांगते.

मामांना आधी सांगा, एक लिटर नॉर्मल सलाईन म्हणजे पाणी आणि ९ ग्रॅम मीठ. त्यात ताकद नसते. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर शरीर काही दिवस मीठ आणि पाणी धरून ठेवतं. जादा झालेलं रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. पायावर दिसते ती सूज आतड्यालाही येते, आणि व्हिपलमध्ये स्वादुपिंड, पित्तनळी आणि जठर असे तीन नवे जोड आतड्यालाच दिलेले असतात. फुफ्फुसात पाणी भरण्याची भीती वेगळीच. म्हणून डॉक्टर मोजून देतात.

फार आखडूनही चालत नाही. २०१८ साली आलेल्या 'रिलीफ' अभ्यासात पोटाची मोठी ऑपरेशनं झालेले सुमारे ३,००० रुग्ण होते. ज्यांना हात राखून पाणी दिलं, त्यांच्यात किडनीला इजा ८.६ टक्के, मोकळ्या हाताने दिलेल्यांत ५ टक्के.

लघवी साधारण किलोमागे ताशी अर्धा मिली हवी, म्हणजे आप्पांना २९. काठावर आहेत. पण लॅसिक्सने झालेल्या लघवीवर विसंबू नका, रक्तातलं क्रिएटिनिन किती ते विचारा, किडनी कशी चालतेय ते त्यावरून कळतं.

मला खटकतात ते ९०० मिली. व्हिपलनंतर जठर पुष्कळदा उशिरा चालू होतं, पण त्या पाण्याबरोबर क्लोराइड आणि पोटॅशियमही जातं. "नळीतून गेलेलं भरून काढताय का? पोटॅशियम किती आहे?" हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरा, ड्रेनमधल्या पाण्याचं अमायलेज (स्वादुरसातलं पाचक द्रव्य). तिसऱ्या दिवसापासून ते रक्तातल्या नॉर्मलच्या कमाल पातळीच्या तिपटीहून जास्त आलं, तर जोडातून स्वादुरस गळत असल्याची शंका घेतात.

ड्रेनमध्ये लाल रंग दिसला, धाप लागली, ताप आला किंवा लघवी एकदम कमी झाली, तर राउंडची वाट बघू नका, तिथल्या तिथे सिस्टरला बोलवा. ओठांवर ओला गॉज फिरवायची परवानगी मागा, फार बरं वाटतं त्यांना.

धागाकर्ती

सिस्टर, खूप आधार वाटला. आज विचारलं. क्रिएटिनिन १.१ म्हणजे ठीक, पोटॅशियम ३.१ म्हणजे कमी. नळीतून जेवढं जातं ते भरून काढायला आजपासून पोटॅशियम घातलेलं वेगळं सलाईन लावलंय. ड्रेनचं अमायलेज नॉर्मल आहे. मामांना म्हटलं, बागेला ठिबकने मोजून पाणी देता, मोकाट सोडलं तर मुळं कुजतात, तसंच हे. गप्प बसले. गॉज मी स्वतः फिरवला, आप्पांनी डोळे मिटून घेतले.

आणखी एक विचारते. पोटात फीडिंगची नळी ठेवली आहे, तिच्यातून उद्यापासून थोडं थोडं सुरू करणार आहेत. घरी गेल्यावर फीडखेरीज दिवसाला साधं पाणी किती द्यायचं, ते कसं ठरवतात? डिस्चार्जआधी कुणाला विचारू, सर्जनना की आहारतज्ज्ञांना?