शब्दचर्चा: 'माझ्या हातात नाही' असं स्टोइक खरंच म्हणायचे का?

स्टोइक या प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञानावर मराठीत हल्ली जे काही फिरत असतं त्यात एक वाक्य हमखास असतं, "जे हातात नाही त्यावर वेळ घालवू नका". आमच्या ग्रुपवर एकाने त्यावरून थेट लिस्टच काढली, नदी हातात नाही, हवामान हातात नाही, निवडणुका हातात नाहीत, म्हणून आपण आपली जिम आणि एसआयपी बघायची, बाकी लष्कराच्या भाकऱ्या. एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञाच्या मूळ शब्दाला 'हातात असणं' चालतं का? आणि मग कशासाठी झटायचं नि काय सोडायचं हे स्टोइक मंडळी ठरवायची कशी, त्याला काही वेगळा शब्द होता का?

*

चालतं, पण मराठीत 'हातात नाही'ला फार वाईट सवय लागलीये. काउंटरमागचा माणूस "माझ्या हातात काही नाही हो" म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ "उठा आता" असा असतो. ग्रीक शब्द आहे 'एफ हेमिन', आपल्यावर अवलंबून असलेलं, बस एवढंच. एपिक्टेटसच्या छोट्या पुस्तिकेची सुरुवातच त्याने होते, आपलं मत, काही करावंसं वाटणं, हवंसं वाटणं, नकोसं वाटणं हे आपल्यावर, आणि शरीर, मालमत्ता, लौकिक, पद हे आपल्यावर नाही. ही यादी तुमच्या मित्राला दाखवा. शरीर नाही म्हणजे जिम गेली, मालमत्ता नाही म्हणजे एसआयपीही गेली! या चाळणीतून कामं चाळायला बसलात तर खाली काही पडतच नाही, कारण काम कुठलं घ्यायचं यासाठी ती केलेलीच नाही, घेतलेल्या कामाच्या निकालात जीव किती अडकवायचा यासाठी आहे.

निवडीसाठी त्यांचा शब्द 'कथेकोन'. स्टोइक पंथ सुरू करणाऱ्या झेनोने पहिल्यांदा वापरला असं तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजेनीस लाएर्टियस सांगतो आणि व्युत्पत्तीही देतो, 'अमक्याकडे येणं' अशा अर्थाची. रोमन लेखक सिसेरोने लॅटिनमध्ये त्याचं 'ऑफिकिउम' केलं आणि आपल्याकडे येईपर्यंत 'कर्तव्य' झालं. कर्तव्य म्हटलं की शाळेचा फळा आणि सुविचार डोळ्यापुढे येतो हो, मला 'वाट्याला आलेलं' जास्त जवळचं वाटतं, कुणाकडे तरी येणं हे त्यात शाबूत राहतं. एपिक्टेटस तर सरळ सांगतो की तुम्हाला जी नावं लागतात त्यांच्यावरून काम ओळखा, माणूस, जगाचा नागरिक, मुलगा, भाऊ, नगरसभेत असाल तर सभासद. जिंकण्याचे चान्सेस किती हा प्रश्न त्या यादीत नाहीच.

त्याने सांगितलेली हेल्विडियस प्रिस्कस या रोमन सिनेटरची गोष्ट याच्यासाठीच वाचावी. सम्राट व्हेस्पेसियन निरोप पाठवतो, सिनेटमध्ये येऊ नकोस. हा म्हणतो, मला सिनेटर न ठेवणं तुमच्यावर आहे, पण आहे तोवर मला यायलाच हवं. बरं ये, पण गप्प बस. मत विचारू नका, बसतो गप्प. सम्राट म्हणतो, पण मला विचारावं तर लागणार. हा म्हणतो, मग मला जे योग्य वाटतं ते बोलावं लागणार. बोललास तर मारून टाकीन. मी अमर आहे असं तुम्हाला कधी म्हटलं? तुम्ही तुमचं करा, मी माझं करतो. (पुढे व्हेस्पेसियनच्याच राज्यात त्याला हद्दपार केला आणि मग मारला.) निकाल हातात नाही हे या माणसाला आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं आणि तरी तो सभेला जात होता, म्हणून 'हातात नाही = सोडून दे' हे समीकरण निदान स्टोइकांच्या नावावर खपवू नये.

*

गोष्ट भारी आहे, पण 'जगाचा नागरिक' हेही माझंच नाव असेल तर सगळ्या जगाचं माझ्याच वाट्याला आलं की, मग निवड कुठे झाली? मी सकाळी पेपर उघडला की अकरा कथेकोन समोर.

*

इथे सेनेका हा रोमन स्टोइक कामाला येतो. तो म्हणतो माणसाकडून अपेक्षा एवढीच की माणसांच्या उपयोगी पडावं, जमलं तर पुष्कळांच्या, नाहीतर थोड्यांच्या, तेही नाही तर जवळच्यांच्या आणि अगदीच काही नाही तर स्वतःच्या. (जिमवाल्या मित्राने खालून सुरुवात केलीये.) आणि राज्य इतकं सडलेलं असेल की मदत होणंच शक्य नाही, तर शहाणा माणूस तिथे 'सुपरव्हाकुउम' धडपड करणार नाही असंही तोच म्हणतो. याला 'निष्फळ' लिहू नका प्लीज, 'व्यर्थ' लिहा. व्यर्थ म्हणजे मुळातच होणं शक्य नाही ते. फळ आलं नाही ते निष्फळ, ते नंतर कळतं, आणि हेल्विडियसचं त्या अर्थाने निष्फळच होतं.

अजून एक, स्टोइक "मी समुद्रप्रवासाला निघेन" म्हणताना एक पुस्ती जोडतात, त्याला 'जमलं तर' म्हणू नका, मराठीत 'जमलं तर बघू' हा सभ्य नकार आहे. सेनेकाचे शब्द जवळजवळ आपलेच आहेत, 'काही आडवं आलं नाही तर'.

*

सेनेकाने व्यर्थ काय ते सांगावं म्हणजे गंमतच. वर्षानुवर्षं सम्राट नीरोच्या दरबारात काढली, गडगंज पैसा केला, आणि राज्य सडलंय म्हणून बाजूला व्हावं हे सुचलं कधी? 'व्यर्थ' हा शब्द सोयीचा आहे, जरा जपून वापरा.

*

मान्य, म्हणून 'वाट्याला' आधी तपासायचं आणि 'व्यर्थ' नंतर. आमच्या रस्त्यावरच्या वडावर तोडायची नोटीस लागली होती, 1975च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे हरकत द्यायला सात दिवस मिळतात. सोसायटीत सगळे म्हणाले काही उपयोग नाही, ठरलेलं असतं, असेलही, पण रहिवासी हे नाव मला लागतं आणि हरकत लिहिणं कुणी अडवलेलं नव्हतं, सो लिहिली. पोच घेतली. सुनावणीची तारीख आलेली नाही अजून. पेपरातले बाकीचे दहा कथेकोन मी निवांत सोडून दिले, ते तुमच्यापैकी कुणाच्या वाट्याला असतील तर बघा.