अणू खरे आहेत, की हिशेबाची सोय?

मृद्गंध: दहावीला अणू शिकवते. मुली विचारतात, "बाई, कुणी पाहिलाय का?" भौतिकशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ एर्न्स्ट माख यांचाही आक्षेप हाच होता ना? विज्ञानानं निरीक्षणं जुळवावीत, की जग कसं आहे ते सांगावं?

जुना लॅबवाला: ताई, मुलींना फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पेरँ यांचे प्रयोग सांगाच. १९०८ च्या सुमारास पॅरिसमध्ये त्यांनी गॅम्बोज या पिवळ्या राळेचे एकसारखे बारीक कण पाण्यात सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली थराथरानं मोजले. दर ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वर गेलं की कण जवळपास निम्मे! डोंगरावर हवा विरळ होते, त्याच नियमानं. त्यातून अॅव्होगॅड्रो संख्या, म्हणजे ठरावीक वजनाच्या पदार्थात किती अणू-रेणू असतात तो आकडा, निघाली. आकाशाचा निळेपणा, किरणोत्सर्ग अशा काडीचाही संबंध नसलेल्या वाटांनी साधारण तोच आकडा येतो. अणू नसतील तर हा मेळ बसतो कसा? अणू नाकारणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ ऑस्टवाल्ड यांनी अशाच पुराव्यांमुळे १९०९ मध्ये ते मान्य केले.

त्रिज्या: पण फ्रेंच अभियंता कार्नो यांनी १८२४ मध्ये उष्णतेला द्रव मानूनच, उष्णतेवर चालणारं इंजिन जास्तीत जास्त किती काम देईल ती मर्यादा बरोबर ओळखली. तो द्रव खोटा निघाला.

जुना लॅबवाला: मुद्दा रास्त आहे. पण कार्नोंच्या निष्कर्षाला तो द्रव लागतच नाही, इंजिनाच्या गरम आणि थंड बाजूंची दोन तापमानं पुरतात. पेरँच्या मोजणीतून अणू काढा, हातात काहीच उरत नाही. सिद्धांताच्या ज्या भागावाचून पुरावा उभा राहत नाही, तेवढाच मी खरा मानतो. ताई, पाण्यात थेंबभर दूध घालून ४०० पट मोठं करून दाखवा. पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी स्निग्धाचे थेंब सतत थरथरताना दिसतील.