शब्दचर्चा : पाकोळी, रानपाकोळी की सूचिपुच्छ?

रानवाट्या
एका जंगलातल्या पायवाटेवर पक्ष्यांच्या माहितीच्या पाट्या लागणार आहेत. त्यातल्या बारा पाट्यांचं मराठी माझ्याकडे आलंय. अकरा झाल्या, बारावीवर गाडी अडली. पक्षी आहे व्हाइट-रम्प्ड नीडलटेल, शास्त्रीय नाव झूनाव्हेना सिल्व्हाटिका. मला मिळालेल्या कच्च्या मसुद्यात 'शुभ्रकटी सूचिपुच्छ' असं लिहिलंय. मोठ्याने वाचून पाहिलं, तर आयुर्वेदिक काढ्याचं नाव वाटलं.

माहिती एवढी : लांबी जेमतेम ११ सेंटीमीटर, म्हणजे चिमणीहून लहान. सह्याद्रीत, मध्य भारतातल्या जंगलांत आणि हिमालयाच्या पायथ्याशी असतो. झाडाच्या ढोलीत घरटं करतो. शेपटीच्या पिसांच्या दांड्या पिसाच्या टोकापुढे उघड्याच बाहेर आलेल्या असतात, सुयांसारख्या. पाकोळीच्या (इंग्रजीत स्विफ्ट) कुळातला आहे एवढं मला कळतं. पण 'पाकोळी' म्हटलं तर लोकांना काय कळेल? आणि सुईचं काय करू?

दिवेलागण
आमच्याकडे कोकणात लोकांना पतंग कळेल, पक्षी नाही! पावसाळ्यात दिव्याभोवती घिरट्या घालायला येते ती पाकोळी. आजी म्हणायची, "पाकोळी इलीहा, दिवो बारीक कर." पाकोळी नावाचा पक्षी असतो हे मला पुण्याला शिकायला आल्यावर कळलं.

वऱ्हाडी ठसका
आमच्या जुन्या घरात कवेलूंच्या खाली राहणारं लहान वाघूळ म्हणजे पाकोळी. संध्याकाळी भुर्रकन निघायची. तेव्हा पाटीवर नुसतं 'पाकोळी' लिहाल तर आमचा माणूस आधी वरच्या फांदीला उलटं काय लटकलंय ते शोधेल.

शब्दकिडा
दोघांचंही बरोबर आहे. शब्दाच्या पोटात पाहिलं की तिघांचं एकाच ठिकाणी जमतं. पाख, पाखरू, पंख ही सगळी मंडळी संस्कृत 'पक्ष'च्या घरची. 'पाखोळी' असाही उच्चार ऐकलाय, त्यात पाख अजून शाबूत आहे. म्हणजे पाकोळी हे मुळात प्राण्याचं नाव नव्हेच, उडण्याच्या तऱ्हेचं आहे. लहान जीव, अंगापेक्षा पंखच जास्त, संध्याकाळच्या उजेडात भिरभिर, आणि बसलेला दिसत नाही. पतंग, वाघूळ, पक्षी, तिघेही त्यात बसतात.

पाश्चात्त्यांनी नेमकं उलट केलं. त्यांनी पंख सोडून पाय पाहिले. या कुळाचं नाव अपोडिडी, ग्रीकमधून आलेलं, अर्थ 'पाय नसलेले'. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ साली युरोपातल्या पाकोळीला 'एपस' म्हटलं ते याच कारणाने. पाय अर्थात असतात, पण आखूड. भिंतीला, कड्याला, ढोलीच्या आतल्या बाजूला नख्या रोवून लटकायचं, एवढंच त्यांचं काम. फांदीवर बसणं जमत नाही.

हिंदी-उर्दूतला 'अबाबील' तर अजून गमतीचा. कुराणातल्या १०५व्या सूरेत हत्तीवाल्या सैन्यावर पक्षी धाडल्याचा उल्लेख आहे. तिथे 'अबाबील'चा अर्थ थव्याथव्यांनी आलेले, असा घेतात. पुढे विशेषणच पक्ष्याचं नाव झालं. त्यांनी थवा पाहिला, ग्रीकांनी पाय, आपण पंख. मला आपलं आवडतं, पण मी पक्षपाती आहे. (हा 'पक्ष' मुद्दाम नाही.)

तारेवरची कसरत
भिंगरी (इंग्रजीत स्वॅलो) आणि पाकोळी यांत लोक हमखास घोळ घालतात, म्हणून मध्येच बोलतो. विजेच्या तारेवर ओळीने बसलेली दिसली तर ती भिंगरी. पाकोळी तारेवर कधीच बसणार नाही. दोघी हवेतच किडे टिपतात, पंख लांब, म्हणून दिसायला बहिणी. नातं मात्र काही नाही. पाकोळीची खरी भावकी हमिंगबर्डशी आहे.

आणि गंमत बघा, 'पायाला भिंगरी' आपण म्हणतो ती खेळण्यातली भिंगरी. पण ज्या पक्ष्याच्या पायाला खरंच विसावा नाही त्याचं नाव भिंगरी नाहीच. युरोपातली पाकोळी वीण नसलेल्या काळात दहा-दहा महिने हवेत राहते, असं स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पाठीवर इवलीशी यंत्रं बसवून २०१६ साली दाखवलं.

रानवाट्या
वा! म्हणजे 'पाकोळी' ठेवायचं, एवढं नक्की. आता विशेषण. 'पांढऱ्या बुडाची सुईशेपटी पाकोळी' कसं वाटतं?

दुर्बीण गळ्यात
बूड नको, हात जोडून विनंती. लालबुड्या बुलबुलाचं लाल असतं शेपटीखाली. इथे इंग्रजीतलं रम्प म्हणजे शेपटीच्या वर, कमरेपाशी. मराठीत दोन्हीला बूड म्हणून आपण मोकळे. त्यातून या पक्ष्याचं दोन्हीकडे पांढरं! कमरही पांढरी, पोटाचा मागचा भाग आणि शेपटीखालचाही पांढरा. कमरेवर पांढरा पट्टा तर आपल्या गावातल्या घरपाकोळीलाही असतो, जी किल्ल्याच्या कमानीत नि देवळाच्या छताला पिसं-काड्या थुंकीने चिकटवून घरटी करते. तिचं पोट काळसर, गळा पांढरा. याचं पोट पांढरं, गळा मळकट. खालून ओळखायचं ते पोटावरून. तेव्हा 'पांढऱ्या कमरेची' म्हणून तुम्ही काहीच वेगळं सांगत नाही.

सुईचं तर विचारूच नका. मी दांडेलीला हे पक्षी झाडांच्या शेंड्यांवरून सुसाट जाताना पाहिलेत. सुई? शेपूट आहे हे कळलं तरी खूप. त्या सुया पक्षी हातात घेतल्याशिवाय दिसत नाहीत. हे संग्रहालयाच्या खणात ठेवलेल्या पक्ष्याला दिलेलं नाव आहे, आकाशातल्या नाही. पायवाटेवर उभ्या माणसाला त्याचा काय उपयोग?

शब्दकिडा
शंभर टक्के. शिवाय ही सुई इंग्रजीतही स्थिर नाही. जुन्या पुस्तकांत हाच पक्षी स्पाइनटेल, म्हणजे काटेशेपट्या. पण दक्षिण अमेरिकेत स्पाइनटेल नावाचे वेगळेच झुडपी पक्षी आहेत, पाकोळ्यांशी संबंध नसलेले. आफ्रिकेतल्या पाकोळ्या मात्र अजून स्पाइनटेलच. त्यांच्याच एका प्रजातीचं (जीनसचं) नाव ऱ्हॅफिड्युरा, ग्रीकमध्ये शब्दशः सुईशेपटी. म्हणजे नावात सुई आणि हाक मारताना काटा. हा गोंधळ आपण मराठीत भाषांतर करून का आणायचा?

त्यापेक्षा शास्त्रीय नावाकडे पाहा. १८४६ साली टिकेल या ब्रिटिश पक्षी-अभ्यासकाने त्याला 'सिल्व्हाटिका' म्हटलं. लॅटिन सिल्वा म्हणजे रान. घरपाकोळी आहे, ताडाच्या झावळीला घरटं चिकटवणारी ताडपाकोळी आहे, मग ही रानपाकोळी. तिघींची नावं पत्त्यावरून.

दिवेलागण
रानपाकोळी छान! आजीलाही कळलं असतं. फक्त तिने मोठा पतंग शोधला असता.

दुर्बीण गळ्यात
नाव गोड आहे, पण एक खोट सांगतोच. रानात राहणारी ही एकटी नाही. सह्याद्रीत तपकिरी पाठीची मोठी नीडलटेलही आहे, जवळजवळ दुप्पट लांबीची. कलगीवाली वृक्षपाकोळी आहे, जी फांदीवर आरामात बसते आणि म्हणून तिचं कूळच वेगळं धरलंय. आणि भारतीय स्विफ्टलेट. तिला काय म्हणणार?

दिवेलागण
स्विफ्टलेट म्हणजे वेंगुर्ल्याच्या समोर समुद्रात जे खडक आहेत, तिथल्या गुहेतली? घरट्यांची चोरी व्हायची, ती?

दुर्बीण गळ्यात
तीच. गुहेच्या भिंतीला लाळेने वाटीएवढं घरटं चिकटवते. सूपसाठी परदेशात मागणी, म्हणून चोरी. खरं तर अंदमानातल्या तिच्या बहिणीचं घरटं शुद्ध लाळेचं, पांढरं, त्याला भाव जास्त. आपल्याकडचीच्या घरट्यात शेवाळ, पिसं मिसळलेली असतात.

आणि वऱ्हाडी ठसका, तुमच्यासाठी खास : ही पाकोळी काळोख्या गुहेत टिक-टिक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधते. वाघळासारखीच. फक्त वाघळाचा आवाज आपल्या कानाच्या पट्टीच्या वर असतो, हिचा नीट ऐकू येतो.

वऱ्हाडी ठसका
म्हणजे आमच्या गावानं दोघांना एकच नाव दिलं ते उगाच नाही! तिला गुहापाकोळी म्हणा, बसलं.

शब्दकिडा
मान्य. मोठीला थोरली रानपाकोळी, हिला धाकटी. दुर्बीणवाल्यांची खोट तेवढ्याने भरून निघते.

रानवाट्या
ठरलं. पाटीचा मजकूर असा केलाय, चुका काढा :

*धाकटी रानपाकोळी. चिमणीहून लहान. पोट पांढरं, कमरेवर पांढरा पट्टा, शेपूट आखूड. झाडांच्या शेंड्यांवरून वेगाने उडताना दिसते, फांदीवर बसत नाही. जुन्या झाडाच्या ढोलीत घरटे करते. शेपटीच्या टोकाला सुयांसारखे काटे असतात. ढोलीत उभ्या भिंतीला टेकू म्हणून त्यांचा उपयोग होतो. तुम्हाला ते दिसणार नाहीत.*

दुर्बीण गळ्यात
शेवटचं वाक्य कुणी खोडू देऊ नका.

शब्दकिडा
'पोट पांढरं' आणि 'घरटे करते', एकाच पाटीवर अनुस्वार नि एकार दोन्ही आलेत. पाटी आहे, 'पांढरे' करा. आणि मथळ्यात अनेकवचन घेणार असाल तर 'रानपाकोळ्या'. परवा एका ठिकाणी 'पाकोळीं' वाचलं, अजून डोळ्यांपुढून जात नाही.