कमी खर्चात स्पोर्ट्‌स कारच्या एक्झॉस्टचा आवाज भरदार करायचा आहे. सुरुवात कुठून करावी?

वळणवाट (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे पहिल्या पिढीची टोयोटा ८६ आहे. इंजिन दोन लिटरचे, चार सिलिंडरचे, बॉक्सर रचनेचे आणि टर्बो नसलेले. गाडी वळणांवर जितका आनंद देते तितका कानांना देत नाही. बाहेर उभे राहून ऐकले तर एखादी साधी घरगुती हॅचबॅक निघून गेल्यासारखे वाटते. मला आवाज मोठा नको, भरदार हवा आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणाऱ्या भागाच्या) मागून टोकापर्यंतचा नामांकित बनावटीचा तयार कॅट-बॅक संच माझ्या आवाक्याबाहेर आहे. त्याच्या किमतीच्या साधारण चौथा हिस्सा मी खर्च करू शकतो. मागच्या टोकाला मोठ्या व्यासाची टिप लावावी, मागचा सायलेन्सर काढून सरळ नळी जोडावी, की मधला रेझोनेटर (ठरावीक स्वर गाळणारा लहान डबा) कापावा, असे तीन सल्ले मला मिळाले आहेत. या गाडीने मी रोज सुमारे तासभर महामार्गावरून प्रवास करतो, हेही विचारात घ्यावे.

लालकाटा

तिघांपैकी सरळ नळीच घ्या. माझ्या गाडीला मी तेच केले आणि एका दुपारीच काम उरकले. टिपने आवाजात काडीचाही फरक पडत नाही, ती केवळ दिसण्यापुरती असते. सुरुवातीला आवाज जरा जास्त वाटतो, पण आठवड्याभरात कानांना सवय होते.

खर्जप्रेमी

टिपबद्दल वर लिहिले आहे ते बरोबर आहे, मात्र सरळ नळीचा सल्ला या प्रश्नकर्त्याला लागू पडत नाही, कारण त्यांना भरदारपणा हवा आहे आणि रोजचा तासभर महामार्गही आहे. लोक मोठा आवाज आणि खोल आवाज यांत गल्लत करतात. डेसिबलचे मोजमाप असे आहे की ३ डेसिबल वाढले तर ध्वनीची शक्ती दुप्पट होते, आणि कानाला मात्र साधारण १० डेसिबल वाढल्यावर आवाज दुप्पट वाटतो. खोली हा स्वराचा प्रश्न आहे, शक्तीचा नव्हे. तंबोऱ्याची खर्जाची तार कितीही हलक्या हाताने छेडली तरी ती खर्जाचीच राहते.

चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. म्हणजे ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) सेकंदाला १०० स्पंदने नळीत शिरतात आणि मूळ स्वर १०० हर्ट्‌झचा होतो. त्याच आरपीएमला सहा सिलिंडरचे इंजिन १५० हर्ट्‌झ देते. या मूळ स्वराच्या वर त्याच्या पटींतले अनेक स्वर असतात, आणि त्यांतले कोणते गाळायचे व कोणते सोडायचे एवढेच सायलेन्सरचे काम. कंपनीच्या मागच्या सायलेन्सरमध्ये बहुधा कप्पे आणि आडवळणी नळ्या असतात. तेथून परतणाऱ्या लहरी येणाऱ्या लहरींना छेदतात आणि खालचे स्वर मरतात. दुसरा प्रकार छिद्रांच्या सरळ नळीचा. तिच्याभोवती काचतंतू किंवा पोलादी लोकर ठासलेली असते. हे भरण वरचे, कर्कश स्वर चांगले शोषते, खालचे मात्र बरेचसे जाऊ देते. तुम्हाला हवा असलेला खर्ज इथेच सापडेल. म्हणून माझा सल्ला असा की फक्त मागचा सायलेन्सर बदलावा, त्याच व्यासाचा, भरणवाला आणि शक्य तितका लांब घ्यावा, आणि रेझोनेटरला हात लावू नये. रेझोनेटर गेला की पत्र्याचा डबा खडखडावा तसा फाटका आवाज येतो, विशेषतः ४००० आरपीएमच्या पुढे.

कोणी हेडर, म्हणजे सिलिंडरांमधून निघून एकत्र येणाऱ्या पहिल्या नळ्या, बदलायला सुचवेल. सुबारूच्या जुन्या गाड्यांची ओळखीची गडगड असमान लांबीच्या हेडरमधून येत असे, कारण दोन बाजूंची स्पंदने नळीत सारख्या अंतराने पोहोचत नसत. ८६ चे इंजिन सुबारूचेच असले तरी तिच्या हेडरच्या नळ्या समान लांबीच्या आहेत, म्हणून ती गडगड नाही. पण या गाडीत पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हेडरमध्येच असतो. तो गेला की ऑक्सिजन सेन्सरमुळे पी०४२० हा, कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा, दोष नोंदला जातो, धुराची तपासणी गाडी पार करत नाही, बहुतेक देशांत ते बेकायदा असते, शिवाय वासाने डोके दुखते. तुमच्या खर्चात हा मार्ग बसणारही नाही.

आणखी एक. या गाडीत इनटेकचा, म्हणजे इंजिन हवा आत ओढते त्याचा, आवाज मुद्दाम आत पोहोचवणारी एक नळी आहे, त्यामुळे आत बसून तुम्ही ऐकता तो सगळा एक्झॉस्टचा नसतो. आवाजाची तुलना करायची तर दुसऱ्याला गाडी चालवायला सांगून बाहेरून ऐकावे.

ठिणगी

मी वेल्डिंगचे काम करतो, म्हणून हाताने करण्याच्या गोष्टींपुरतेच लिहितो.

सायलेन्सर विकत घेताना आधी तुमच्याच मॉडेलचा, दुसऱ्या मालकाने काढून ठेवलेला मागचा भाग मिळतो का ते पाहावे. ज्यांनी महाग संच बसवून पुन्हा तो विकला अशांचे भाग सरळ बोल्टने बसतात आणि वेल्डिंगचा खर्च वाचतो. जुना सायलेन्सर घेताना तो हातात धरून हलवावा. आत काही खुळखुळले तर भरण जळून गेले आहे किंवा आतली जाळी सुटली आहे, असे समजावे.

नळी वाकवायची वेळ आली तर वाकवताना आत मॅन्ड्रेल (नळीला आतून आधार देणारा दांडा) राहील अशा यंत्रावरच वाकवून घ्यावी. साध्या यंत्रावर वाकवलेल्या नळीचा व्यास वळणावर चपटा होतो आणि तिथेच वायू अडतो. मोठा व्यास म्हणजे जास्त ताकद, हा समजही सोडावा. टर्बो नसलेल्या या इंजिनाला मूळ व्यास पुरेसा आहे, आणि तो फार वाढवला तर आवाज पोकळ होतो. धातूपैकी ३०४ स्टेनलेस सर्वांत टिकाऊ, ४०९ त्याहून स्वस्त पण वरून तांबूस गंज धरणारे, आणि ॲल्युमिनियमचा थर दिलेले साधे पोलाद सर्वांत स्वस्त. खर्च कमी असेल तर ४०९ मध्ये काही वावगे नाही.

वेल्डिंगपूर्वी बॅटरीची ऋण तार काढणे मी कधीच टाळत नाही. नळी आधी केवळ टाके घालून पकडावी, गाडी खाली उतरवून बंपर, मागचा ॲक्सल आणि सस्पेन्शन यांपासून मोकळी जागा आहे ना ते पाहावे, आणि मगच पूर्ण शिवण मारावी. तापल्यावर नळी लांबते, म्हणून रबरी हँगर ताणलेल्या स्थितीत बसवू नयेत. शेवटी इंजिन थंड असताना सुरू करावे, ओल्या फडक्याने टोक थोडा वेळ दाबून धरावे आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर गळती आहे. गाडीच्या तळाखालची गळती म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आत येण्याची वाट. या वायूला वास नसतो, म्हणून हे काम कधीही अर्धवट सोडू नये.

वळणवाट

सर्वांचे आभार. वापरलेला, भरणवाला मागचा सायलेन्सर मिळाला आणि तो बोल्टने बसला. रेझोनेटर आणि हेडर तसेच ठेवले. ३५०० आरपीएमच्या पुढे आवाज अगदी मनासारखा आहे. अडचण एकच राहिली. सहाव्या गियरमध्ये स्थिर वेगाने जाताना, नेमके २७०० आरपीएमच्या आसपास, केबिनमध्ये एकसुरी घुमघुम सुरू होते आणि वीस मिनिटांत कान बधिर होतात. ॲक्सिलरेटर थोडा जास्त किंवा थोडा कमी दाबला की ती जाते. यावर कमी खर्चाचा उपाय आहे का?

लालकाटा

माझीही गाडी तिथेच घुमते, हे आता कबूल करतो. मी सवय म्हणत होतो ते बहुधा खिडकी उघडून गाडी चालवण्याचे नाव असावे.

खर्जप्रेमी

२७०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४५ फेरे आणि ९० हर्ट्‌झ. केबिनच्या पोकळीचा स्वतःचा स्वर या जागी जुळतो, म्हणून एवढ्याच पट्ट्यात त्रास होतो. उपाय म्हणजे मुख्य नळीला काटकोनात जोडलेली, दुसऱ्या टोकाला बंद असलेली एक आडनळी. तिची लांबी त्या स्वराच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याइतकी ठेवली की आत शिरलेली लहर परत येईपर्यंत बरोबर उलट्या कलेत असते आणि मूळ लहरीला रद्द करते.

लांबी काढताना थंड हवेतला ध्वनीचा वेग धरू नये. वायूचे तापमान ३०० अंश सेल्सिअस असेल तर वेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर होतो. ४८० ला ४ गुणिले ९० ने, म्हणजे ३६० ने भागले की १.३३ मीटर. वायू २०० अंशांपर्यंत निवला असेल तर वेग ४३६ मीटर आणि लांबी १.२१ मीटर. तुमची नळी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसेल. व्यास मुख्य नळीइतकाच ठेवावा, कारण बारीक आडनळी फार अरुंद पट्टा गाळते. जोड शेवटच्या टोकापासून दूर, सायलेन्सरच्या पुढच्या बाजूला द्यावा. टोकापाशी दाबाची स्पंदने जवळजवळ नसतात, त्यामुळे तिथे आडनळीला रद्द करण्यासारखे काही मिळत नाही.

ठिणगी

यात एवढीच भर घालतो की नळी मुद्दाम लांब, १.४० मीटरची घ्यावी, ती तळाखाली मोकळ्या जागेतून वळवून न्यावी आणि बंद टोकाला वेल्ड न करता पट्ट्याच्या क्लॅम्पने झाकण लावावे. गाडी चांगली तापवून २७०० वर चालवून पाहावी आणि दरवेळी दोन सेंटिमीटर कापत यावे. घुमघुम सर्वांत कमी वाटेल तिथे थांबून झाकण वेल्ड करावे. आडनळी खाली झुकलेली असेल तर तिच्या सर्वांत खालच्या बिंदूला तीन मिलिमीटरचे छिद्र पाडावे, नाहीतर वाफेचे पाणी साचून ती आतून गंजते.