मदत हवी आहे: हॅम्लेटमधलं शेवटचं द्वंद्व बसवतोय, तलवारींची अदलाबदल कशी दाखवायची?

नमस्कार मंडळी,

आमचा हौशी ग्रुप 'हॅम्लेट' करतोय. आगरकरांचं 'विकारविलसित' नाही, आजच्या बोलीतलं रूपांतर आहे. बाकी नाटक उभं राहिलंय, घोडं अडलंय ते हॅम्लेट आणि लेअर्टिसच्या द्वंद्वापाशी. फाइट डायरेक्टर ठेवायला पैसे नाहीत.

लेअर्टिस करणारा मुलगा कोल्हापूरचा, लहानपणापासून मर्दानी खेळ खेळलेला. हात सुंदर चालतो, पण वार गोल फिरून येतात आणि रंगात आला की थांबत नाही. हॅम्लेटने तलवार पहिल्यांदा तालमीतच हातात घेतली. समोरासमोर आले की एक बिचकतो, दुसरा त्याला सांभाळून घेतो, आणि बघणाऱ्याला तेवढं सांभाळून घेणंच दिसतं.

वाचून एवढं कळलंय: ऑन गार्ड म्हणजे पवित्रा, लंज म्हणजे पुढचा पाय टाकून केलेली झेप, पॅरी म्हणजे वार अडवणं, रिपोस्ट म्हणजे अडवल्याबरोबर केलेला उलटा वार. पॅरीच्या आकड्यांशी (कुठल्या बाजूचा वार अडवायचा त्याचे क्रमांक) मात्र गोंधळ आहे, दोन ठिकाणी दोन वेगळे तक्ते मिळाले. आणि मुख्य अडचण: विषारी तलवार लेअर्टिसच्या हातून हॅम्लेटकडे जायला हवी. सध्या दोघांच्या तलवारी खाली पडतात आणि चुकून एकमेकांच्या उचलल्या जातात. फारच बाळबोध दिसतं. पहिली रांग रंगमंचापासून जेमतेम पाच फुटांवर आहे, तेव्हा सुरक्षेबद्दलही सांगा.

प्रतिसाद

आधी आकडे. खेळातल्या फॉइल, एपे, सेबर या तीन प्रकारच्या तलवारींचे तक्ते वेगळे, म्हणून गोंधळ होतो. रंगमंचाला पाच पुरतात. दोघेही उजवे आहेत असं धरतो. तीन: उजवी बाजू, टोक वर. चार: डावी बाजू, टोक वर. दोन: उजवीकडे खाली, टोक जमिनीकडे. एक: डावीकडे खाली, टोक जमिनीकडे. पाच: डोक्यावर आडवी. वार अडवायचा तो मुठीजवळच्या जाड पात्याने, टोकाकडच्या लवचीक भागाने नाही.

आता बिचकण्याबद्दल. खऱ्या तलवारबाजीत हेतू लपवायचा असतो, नाटकात तो दाखवायचा असतो. म्हणून क्रम असा: नजरानजर, वार करणाऱ्याची ठळक तयारी, अडवणाऱ्याची हालचाल सुरू, आणि मगच वार. समोरचा तयार दिसला नाही तर वार निघतच नाही. तुमच्या कोल्हापूरकराला हे जड जाईल, कारण त्याचा हात आधी सुटतो. त्याचे गोल वार मोडू नका. तीच त्याची तयारी म्हणून वापरा, प्रेक्षकाला लांबून दिसते.

अंतर: पूर्ण लंज मारूनही टोक अंगापासून वीतभर तरी लांब राहायला हवं. पातं चेहऱ्यावरून कधीच फिरवायचं नाही, भोसकणं चेहऱ्याच्या उंचीवर नाही, आणि प्रेक्षकांच्या दिशेने एकही मोठा वार नको. मारामारीची तालीम आधी अगदी सावकाश. प्रयोगातही पाऊण वेगाच्या वर जाऊ नका, अंगात वारं शिरलं की वेग आपोआप वाढतो. प्रत्येक प्रयोगाआधी अख्खं द्वंद्व एकदा सावकाश करायचं, दोघांपैकी एक उशिरा आला तरी.

तलवारी कसल्या आहेत?

मूळ लेखक

अॅल्युमिनियमची एक आणि स्टीलची एक, दुसरीकडून उसनी आणलेली.

प्रतिसाद

हे आजच थांबवा. स्टील अॅल्युमिनियमला खातं, खाचा पडतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या होतात. दोन्ही एकाच धातूच्या घ्या. तालमीनंतर पात्यावरून चिंधी फिरवायची, अडकली तिथे कानस मारायची.

दुसरा प्रतिसाद

अदलाबदलीबद्दल मी सांगते. नाटकाच्या १६०३ च्या क्वार्टोत (छोट्या आकाराच्या जुन्या छापील आवृत्तीत) दोघे एकमेकांच्या तलवारी पकडतात अशी सूचना आहे, १६२३ च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या संग्रहात) झटापटीत तलवारी बदलतात एवढंच. शिवाय फोलिओत तलवारींबरोबर हातमोजे येतात, दुसऱ्या क्वार्टोत खंजीर. तुम्ही हातमोजे घ्या, कारण डावा हात मोकळा हवा.

सेंट-दिदिए नावाच्या फ्रेंच तलवारबाजाच्या १५७३ च्या पुस्तकात डाव्या हाताने समोरच्याच्या तलवारीची मूठ धरून तलवार काढून घेण्याचे डाव दाखवलेत. तेच वापरा. लेअर्टिसचा वार हॅम्लेट चारवर अडवतो, पुढे पाऊल टाकून डाव्या हाताने लेअर्टिसची मूठ धरतो. लेअर्टिसही तेच करतो. क्षणभर दोघे छातीला छाती लावून अडकलेले, मग दोघेही आपली तलवार सोडून मागे सरकतात. हातात दुसऱ्याची तलवार. पातं नव्हे, मूठच धरायची. टोकं दोघांच्या बाहेरच्या बाजूला, आणि सोडायची खूण म्हणजे एक ठरलेला जोरदार श्वास. नजर मात्र लेअर्टिसची. आपली तलवार कुठे गेली हे आधी त्याला कळतं, हॅम्लेटला नाही. ते प्रेक्षकाने पाहिलं पाहिजे.

मूळ लेखक

आमच्या संहितेत खंजीर आहेत, ते काढतो. मूठ धरताना हॅम्लेटचा डावा हात प्रेक्षकांच्या बाजूला येतोय, तो झाकावा का?

दुसरा प्रतिसाद

झाकू नका, तोच दिसू द्या. पुढे लेअर्टिसला लागणारा वार झाका: पातं प्रेक्षकांपासून लांबच्या बाजूने, दंड आणि बरगड्यांच्या मधून.