शेती हवी, पण शेतकरी नको: दादांना काय सांगू?

कादवाकाठ
मी २८ वर्षांची. नाशकात एका खासगी दवाखान्याच्या मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे, पगार २४ हजार. ज्याच्याशी लग्न करायचं आम्ही दोघांनी ठरवलंय त्याची दिंडोरी तालुक्यात चार एकर थॉमसन द्राक्षाची बाग आहे. कृषी पदवीधर आहे, नोकरी मुद्दाम धरली नाही.

दादा, म्हणजे माझे वडील, नाही म्हणतात. आणि दादा स्वतः निफाड तालुक्यातले द्राक्षवाले! त्यांनी आणलेलं स्थळ हिंजवडीचं आहे, वर्षाला १८ लाख. शिवाय गावाकडे पाच एकर बागायत पाहिजेच, फक्त मुलानं तिथं राबायचं नाही.

दादा लोभी असते तर मी भांडले असते. पण मार्च २०१४ च्या गारपिटीत आमची बाग काढणीला आलेली होती, मी बारावीला होते. दुपारी घड लटकत होते, संध्याकाळी नुसत्या काड्या उरल्या. आईची पोत गहाण पडली ती सुटायला चार वर्षं लागली. पुढे एका व्यापाऱ्यानं माल उचलला, चेक दिला, तो वटला नाही आणि माणूसही सापडला नाही. दादा म्हणतात, "तुझ्या आईनं सोसलं ते तू सोसायचं नाही." माझं त्याच्यावर प्रेम आहे म्हटलं की उठून गोठ्यात जातात. काय बोलू त्यांच्याशी?

बांधावरची
ताई, मी नऊ वर्षांपूर्वी असंच लग्न केलं, आमचा कांदा आणि थोडी द्राक्षं. प्रेमाबद्दल दादांशी बोलूच नकोस, हिशेबाबद्दल बोल. त्याच्याकडून तीन वर्षांची वही माग: गावच्या विकास सोसायटीचं कर्ज किती, कृषी सेवा केंद्राची उधारी किती, माल कुणाला दिला, पैसे कधी आले. वही दाखवायला जो कचरतो त्याच्याशी मीही लग्न करू नको म्हणेन. तुझी नोकरी सोडू नकोस. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा आमचं घर माझ्या अंगणवाडीच्या मानधनावर चाललं.

आणि लक्ष्मी मुक्ती योजनेची माहिती काढ. नवऱ्यानं तलाठ्याकडे अर्ज केला की त्याच्या हयातीतच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. माझं लागलंय. तो याला तयार आहे का, हे लग्नाआधी विचार.

पुणे_३५
दादांचं चुकत नाही. दुकानदाराची उधारी प्रेमानं फिटत नाही. १८ लाखवाला मुलगा वाईटच असेल असं कशाला धरायचं? एकदा भेटून तरी बघा.

एक बाप
पोरी, मी सोलापूर जिल्ह्यातला. डिसेंबर २०२२ मध्ये आमच्याकडची लग्नाळू पोरं, मुली मिळत नाहीत म्हणून, मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली होती. लोकांनी मोबाइलवर बघितलं आणि हसले. माझा मुलगा त्यात नव्हता, पण वय तेच, ३४. सहा एकर डाळिंब उत्तम करायचा. तीन ठिकाणी नकार आल्यावर बायोडाटात 'नोकरी' लिहिता यावं म्हणून त्यानं एमआयडीसीत १२ हजारांवर रखवालदारी धरली. बाग वाट्यानं दिली. वाटेकऱ्याला तेल्या रोग वेळेवर दिसला नाही, झाडं काढावी लागली. लग्न अजून नाही.

तुझ्या वडिलांना माझं एवढंच सांग: स्वतःच्या धंद्याला तुम्हीच कमी लेखलंत तर आमच्या पोरांनी कुणाकडे बघायचं?

कादवाकाठ
सगळ्यांचे आभार. पुणे_३५, त्या मुलाला भेटले. चांगला आहे, त्याला खरं सांगून टाकलं, त्यानं समजून घेतलं.

वही मागितली. त्यानं दोन दिवसांत आणून दिली. २६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीचं नुकसानही त्यात लिहिलंय, सोसायटीचे साडेचार लाख अजून बाकी आहेत. सातबाऱ्याचं विचारल्यावर म्हणाला, आईचं नाव आधी लावतो, मग तुझं. मला ते आवडलं.

काल रात्री वही दादांसमोर ठेवली. एक बाप यांचं म्हणणं वाचून दाखवलं. दादा काही बोलले नाहीत. चष्मा लावून फवारणीची पानं बघत बसले, एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाले, "डावणी रोगाला हा फवारा उशिरा मारतो." मग बऱ्याच वेळानं विचारलं, "पाणी कुठलं आहे त्याला? कालव्याचं, का नुसती विहीर?"

विहीर आणि शेततळं, मी सांगितलं. रविवारी बाग बघायला येतो म्हणाले.