अनुभव धागा: मुलाच्या आजाराला आपण आधी कोणते नाव दिले होते?

सुदामानगरची आई
काल आपल्या इंदूरला अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, पाहायला भाचीची मुले जेल रोडला गेली आणि मी घरीच थांबले. त्यांनी फोनवर पाठवलेल्या चित्रफितीत ढोल ऐकले आणि सोळा वर्षांपूर्वीची रात्र जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहिली. माझा मुलगा तेव्हा एकवीस वर्षांचा होता. तीन रात्री तो झोपला नव्हता, तरी थकव्याचे चिन्ह नव्हते. १९९१ साली बंद पडलेली इथली हुकुमचंद कापड मिल पुन्हा सुरू करण्याची योजना आपल्याला सापडली आहे, असे तो भेटेल त्याला सांगत होता. त्या रात्री झांकीमागून चालणाऱ्या एका म्हाताऱ्या मिल कामगाराच्या हातात त्याने वडिलांचे घड्याळ आणि स्कूटरची किल्ली ठेवली. पहाटे तो कामगार पत्ता विचारत आमच्या दारी आला, दोन्ही वस्तू माझ्या ओंजळीत ठेवल्या आणि एवढेच म्हणाला, "माताजी, बच्चे को सुला दो."

त्या परक्या माणसाला जे कळले ते आम्हाला कळले नाही. आम्ही त्याला 'हुशार मुलाची धुंदी' म्हणत राहिलो, आणि पुढे तोच मुलगा दोन महिने अंथरुणातून उठेना तेव्हा 'आळस' म्हणालो. बायपोलर, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी खोल उदासी आणणारा मनाचा आजार, हा शब्द आमच्या घरात चार वर्षांनी आला. ती चार वर्षे मी अजून मोजते. तुम्ही आपल्या मुलाच्या आजाराला आधी काय म्हणत होतात, ते मोकळेपणाने लिहावे. मुलांची नावे मात्र लिहू नयेत.

रामबागेतले काका
आम्ही 'वाईट संगत' म्हणालो. संगत तोडली की दारू सुटेल या समजुतीने मी माझ्या मुलाला माडीवरच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तोडली तर जिवावर बेतू शकते, हे मला कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या रात्री त्याला आकडी आली. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरच्या, नसलेल्या मुंग्या दोन्ही हातांनी झटकत होता आणि मला ओळखत नव्हता. रुग्णालयात त्याला झोपेची औषधे आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देऊन सावरले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हा हाती लागला नसता. पुढे पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात तो राहून आला. १९८६ पासून चालणाऱ्या त्या संस्थेत पालकांनाही बसवून समजावतात, आणि व्यसन हा आजार आहे हे वाक्य मी तिथे वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी प्रथम ऐकले. त्यानंतर तो दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा स्वतःहून परत उभा राहिला. ती कडी मी काढून टाकली आहे.

दोन मुलांची आई
पोळ्या लाटता लाटता लिहिते आहे, म्हणून थोडक्यात. थोरला वर्गात बाकावरून उठून फिरत असे, म्हणून शाळेने त्याला 'आगाऊ' म्हटले आणि आठ वर्षांचा असतानाच त्याचे एडीएचडीचे, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचे, निदान झाले. मुलगी गप्प बसणारी होती, म्हणून आम्ही तिला 'स्वप्नाळू' म्हणालो आणि कौतुकही केले. तिच्या वहीत पहिल्या तीन ओळी वळणदार अक्षरात असत, चौथी ओळ अर्ध्या शब्दावर थांबलेली असे आणि खाली कोरे पान. तोच विकार मुलींमध्ये असा मुकाट्याने राहू शकतो हे तिच्या बारावीत कळले. नव्याने औषध सुरू झालेल्या पालकांसाठी एक सांगते: या विकारावरच्या मिथिलफेनिडेट या औषधाने दुपारची भूक मरते आणि डबा भरलेला परत येतो. मी सकाळी आधी पोटभर पोहे आणि दूध देते, मग गोळी. वजन आणि उंची डॉक्टर दर काही महिन्यांनी पाहतात.

लोकमान्यनगर
सुदामानगरच्या ताई, आपला मुलगा बायपोलरसाठी देतात त्या लिथियमवर आहे का? माझी मुलगी आहे, म्हणून विचारले. मागच्या मे महिन्यात तिने मीठ न खाता नवरात्रासारखे कडक उपवास केले, वर आपल्या इंदूरचे ऊन, आणि दाढ दुखते म्हणून कोणीतरी आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी दिली. या तिन्ही गोष्टींनी रक्तातले लिथियम वाढते. सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा बशीत कप वाजत होता. मी तिच्या हाताकडे पाहत राहिले आणि त्याच दिवशी रक्त तपासले म्हणून निभावले.

सुदामानगरची आई
हो, अकरा वर्षे. रक्त आम्ही रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळचा डोस घेण्याआधी देतो, आणि थायरॉइड व मूत्रपिंडाची तपासणीही चुकवत नाही. त्याचे उपवास मी करते.

पालक, विजयनगर
आमच्या मुलाच्या स्किझोफ्रेनियाला, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या मनाच्या आजाराला, आम्ही 'बाहेरची बाधा' म्हणालो आणि तीन वर्षे गावोगावचे अंगारे आणले. त्याबद्दल अधिक लिहिणे आज जमणार नाही. एक उपयोगाची गोष्ट लिहितो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्यात आजारी व्यक्तीला, ती सज्ञान असेल तर, पुढे आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत हे आधीच लिहून ठेवता येते. माझ्या मुलाने बरा असताना स्वतः लिहिले. 'मला बांधू नये' हे त्याचे पहिले वाक्य होते. ते कशामुळे लिहिले हे मला ठाऊक आहे. रात्रीबेरात्री कोणी नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

मधली बहीण
मी पालक नाही, तरी लिहिते. भावाच्या आजाराला नाव मिळाले, माझ्या गप्प राहण्याला 'समजूतदारपणा' हे नाव मिळाले. दहावीचा निकाल मी घरी दोन दिवस सांगितला नाही, कारण विचारायला कोणाला सवडच नव्हती.

सुदामानगरची आई
बाळा, तुझे वाचून मी काल रात्री माझ्या धाकटीला फोन केला. त्या झांकीच्या रात्री ती चौदा वर्षांची होती आणि दाराआड जागी होती. बाबांचे घड्याळ परत आले, हे तिला आम्ही कोणी सांगितलेच नव्हते. दादाने ते हरवले आणि त्यावरूनच घर बिघडले, असे ती सोळा वर्षे समजत होती.